पहारेकरी आणि वाटसरू



दोन माणसं मिळून एक गोष्ट लिहीत आहेत, अशी कल्पना करा. दोघांची ओळख नाही, शहरं वेगळी, प्रत्येकासमोर आपापला पडदा. गोष्ट एका डोंगरी किल्ल्याची. एकाने दरवाजावरचा पहारेकरी घेतला आहे, दुसरीने पावसात भिजत आलेला वाटसरू. पहिला तीन परिच्छेद लिहितो: चिऱ्यांवरून ओघळणारं पाणी, विझत आलेली मशाल, जुन्या जखमेने ठणकणारा गुडघा, किल्लेदाराने सकाळी सुनावलेले शब्द. हे लिहायला त्याला पाऊण तास लागतो. पलीकडून दोन मिनिटांत उत्तर येतं: 'वाटसरू मान हलवतो आणि आत जातो.' पहिल्याला वाटतं, आपल्या पाऊण तासाच्या बदल्यात पदरात पडले सहा शब्द. दुसरीला वाटतं, एवढं सगळं वाचलं खरं, पण त्यात आपल्याला करण्याजोगं काहीच नव्हतं. पहारेकऱ्याने अडवलं नाही, नाव विचारलं नाही, भाला आडवा धरला नाही. थोड्याच वेळात पहिला दुसरीला आळशी ठरवेल आणि दुसरी पहिल्याला स्वतःच्याच लेखनात रमणारा ठरवेल. मला वाटतं, दोघांचंही दुःख खरं आहे आणि दोघांचेही निवाडे चुकीचे आहेत. असं का, हे आज मांडायचं आहे.

या छंदाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. ऑनलाइन रोलप्ले म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीने लिहीत किंवा बोलत, शेवट आधी न ठरवता गोष्ट पुढे न्यायची. याचं एक मूळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे. दुसरं मूळ इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात. तिथे १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असं निव्वळ शब्दांचं जग संगणकावर उभं केलं आणि रिचर्ड बार्टल याने ते पुढे वाढवलं. त्या खेळाच्या नावावरून अशा सगळ्या जगांना 'मड' म्हणू लागले. आज हाच उद्योग डिस्कॉर्ड या गप्पांच्या व्यासपीठावर मजकुरातून चालतो, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या खेळांत चित्रांच्या साथीने चालतो, आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या शहरात माइकवर बोलून चालतो. भारतात या शेवटच्या प्रकाराचे हिंदी बोलणारे सर्व्हर झाले आणि यूट्यूबवर त्यांना प्रेक्षकही मिळाले. आपल्या भाषेत याला जवळचा शब्द 'सोंग' हा आहे, आणि तो मी आदराने वापरतो. एकनाथांनी ज्या परंपरेत भारुडं रचली तिथे सोंग घेणं हे गंभीर काम होतं.

खेळणाऱ्यांच्या आवडी वेगळ्या असतात, हे या छंदात फार लवकर ध्यानात आलं. १९८० साली ग्लेन ब्लॅको याने 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकातल्या लेखात टेबलावरच्या खेळाचे चार प्रकार सांगितले: आपलं पात्र बलवान करत नेण्याची हौस, युद्धातले डावपेच, पात्र जगणं आणि कथा सांगणं. या चारांची मिश्रणं होतात, हेही तो सांगून गेला होता. पुढे नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० या काळात एका ब्रिटिश मडवरच्या जाणत्या खेळाडूंमध्ये लांबलचक वाद झाला. प्रश्न एवढाच होता की, लोकांना या जगातून नेमकं हवंय तरी काय? त्या वादाचं सार काढून बार्टलने १९९६ साली आपला प्रसिद्ध लेख लिहिला आणि चार जाती ठरवल्या: यश मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांवर चाल करून जाणारे. पत्त्यांतल्या चौकट, इस्पिक, बदाम आणि किलवर यांची नावं त्याने त्यांना दिली. या लेखातला खरा मोलाचा भाग मात्र नावांनंतर येतो. एका जातीची संख्या वाढली की दुसऱ्या जातीचं काय होतं, हे बार्टल तिथे तपासतो. चाल करून जाणारे वाढले की रमणारे निघून जातात, अशा तऱ्हेची ही गुंतागुंत आहे. रुची इथे लोकवस्तीसारख्या एकमेकींवर परिणाम करतात, हे त्याने ओळखलं होतं.

वर्गवारी लोकप्रिय झाली, कारण आपली जात कळली की माणसाला बरं वाटतं. पण ती जपून वापरायला हवी. निक यी या संशोधकाने २००६ साली तीन हजार खेळाडूंना चाळीस प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांचं सांख्यिकी विश्लेषण केलं. त्यातून दहा घटक आणि त्यांचे तीन मोठे गट निघाले: यश, सहवास आणि तल्लीनता. रोलप्ले हा तल्लीनतेतला एक घटक होता. यीने दाखवलेली महत्त्वाची गोष्ट अशी की, एका गटात वरचढ असलेला खेळाडू दुसऱ्या गटात कमीच असेल, असं मुळीच दिसत नाही. जिंकायला आवडणारा माणूस पात्रात बुडूनही जाऊ शकतो. म्हणजे पहारेकरी लिहिणारा 'लेखक जातीचा' आणि वाटसरू लिहिणारी 'खेळाडू जातीची', असं म्हणून प्रश्न मिटत नाही. तीच बाई उद्या दुसऱ्या कथेत, दुसऱ्या जोडीदाराबरोबर पाच परिच्छेद लिहील. आज तिने सहा शब्द का लिहिले, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्या दोघांमध्ये काय ठरलं होतं आणि काय ठरायचं राहून गेलं, तिथे शोधलं पाहिजे.

रसिकांच्या आवडी भिन्न असतात, हे सांगायला आपल्याला विसाव्या शतकाची गरज नव्हती. नाट्यशास्त्रात सिद्धींची, म्हणजे प्रयोगाच्या यशाची, चर्चा करताना भरताने हे स्वच्छ सांगितलं आहे: तरुण शृंगाराने संतुष्ट होतात, विरक्त मोक्षाच्या विषयाने, शूर वीर आणि रौद्र रसांनी, वृद्ध धर्माख्यानांनी आणि पुराणांनी. आदर्श प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत, याचीही त्याला जाणीव आहे. पण भरताच्या नाट्यगृहात एक सोय होती. शूराला शृंगार कंटाळवाणा वाटला तर तो जांभई देतो. त्याच्या जांभईने शकुंतलेचं वाक्य बदलत नाही. वाचकाचंही तसंच. कादंबरी आवडली नाही तर मिटून ठेवता येते, लेखकाला पत्ताही लागत नाही. रोलप्लेमध्ये लेखक, नट आणि प्रेक्षक ही तिन्ही माणसं एकाच खुर्चीत बसलेली असतात. माझी आवड ही इथे केवळ माझ्या मनातली गोष्ट राहत नाही. मला संथ, वर्णनप्रधान कथा आवडते याचा अर्थच असा होतो की, दुसऱ्या कोणी तरी आपली संध्याकाळ खर्चून मला संथ, वर्णनप्रधान परिच्छेद लिहून द्यावेत. मला झपझप संवाद आवडतो, म्हणजे दुसऱ्याने जेवण अर्धवट सोडून पडद्यासमोर हजर असावं. रुची ही इथे दुसऱ्याच्या श्रमावरची मागणी होते. पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. या छंदात वेळेचं सोंग आणता येत नाही. म्हणूनच साहित्याच्या बाबतीत जे मतभेद आपण आवडनिवड म्हणून हसून सोडून देतो, तेच इथे विश्वासघातासारखे बोचतात. आणि म्हणूनच, आवड कितीही रास्त असली तरी ती न बोलता दुसऱ्याकडून अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

न बोलण्याची सवय कुठून येते, हे समजून घ्यायला समाजशास्त्राचा उपयोग होतो. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी रोलप्लेअरांच्या मेळाव्यांत बसून केलेल्या अभ्यासाचं पुस्तक १९८३ साली आलं. अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकटींच्या कल्पनेचा आधार घेऊन त्यांनी दाखवलं की, खेळणारा माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो: घरदार असलेली व्यक्ती, नियम पाळणारा खेळाडू आणि कथेतलं पात्र. टेबलाभोवती या पातळ्यांमधली ये-जा सहज कळते. आवाज बदलतो, भुवई उंचावते, कोणी वेफर्सची पिशवी पुढे सरकवतं. त्याआधी १९५५ साली मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी माकडांच्या खेळावरून मांडलं होतं की, खेळातला चावा चाव्यासारखा दिसतो, पण चाव्याचा अर्थ सांगत नाही. 'हा खेळ आहे' असा एक निरोप त्याच्यासोबत जात असतो. लिहून चालणाऱ्या रोलप्लेमध्ये हा निरोप नेणारं शरीरच नाही. पात्र म्हणून लिहिलेलं तिरसट वाक्य आणि लिहिणाऱ्याचा खरा वैताग यांचं अक्षर सारखंच दिसतं. चार तास उत्तर आलं नाही, तर पात्र विचारात पडलंय, खेळाडू कंटाळलाय की व्यक्तीच्या घरी कोणी आजारी आहे, हे कसं कळणार? ज्या माध्यमात न बोलता सर्वांत कमी कळतं, त्याच माध्यमात लोक 'चांगल्या रोलप्लेअरला हे कळायलाच हवं' असं गृहीत धरून बसतात.

भिन्न रुचींच्या या संघर्षावरचा एक जुना उपाय म्हणजे वाटणी. ल्युकासफिल्म गेम्सने १९८६ साली 'हॅबिटॅट' नावाचं चित्रमय जग कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी चालू केलं. तिथे शस्त्रं होती, चोरीही करता येत होती. लगेच वाद पेटला: पडद्यावरची आकृती म्हणजे माणसाचाच विस्तार, की हजारदा मरण्यासाठीच घडवलेलं बाहुलं? एका धर्मगुरूने तर शस्त्र न धरण्याची आणि चोरी न करण्याची शपथ घेणाऱ्यांचा पंथच तिथे काढला. घडवणाऱ्यांनी, म्हणजे चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी, मध्यममार्ग काढला तो शहर सुरक्षित आणि बाहेरचं रान धोक्याचं, असा. चौदा वर्षांनी, २००० साली, 'अल्टिमा ऑनलाइन'ने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. संपूर्ण जगाची दुसरी प्रत काढली. फेलुका या जुन्या प्रतीत कोणी कोणालाही मारू शकत असे. ट्रॅमेल या नव्या प्रतीत संमतीशिवाय हल्ला करता येत नसे. बहुसंख्य लोक ट्रॅमेलकडे गेले. मला हा निर्णय समजतो, पण त्यातली एक हानी नजरेआड करवत नाही. दरोडेखोरांपासून वाटसरूंना वाचवणाऱ्या रखवालदारांच्या टोळ्या ज्यांनी हौसेने उभ्या केल्या होत्या, त्यांना ट्रॅमेलमध्ये रखवाली करायला दरोडेखोरच उरले नाहीत. भिन्न रुचींना वेगवेगळ्या घरांत नेऊन ठेवलं की भांडण थांबतं, पण काही भूमिका अशा असतात की, त्या विरुद्ध रुचीच्या माणसाशिवाय जगताच येत नाहीत.

शिवाय वाटणी कधी पुरी होत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने रोलप्लेसाठी स्वतंत्र सर्व्हर दिले, आणि त्या सर्व्हरच्या आत पुन्हा तेच प्रश्न उभे राहिले. कोणाला खेळाच्या दंतकथेशी काटेकोर इमान हवं, कोणाला सराईत बसून गप्पा हव्यात, कोणाला प्रेमकथा, कोणाला लष्करी कवायत. तेव्हा खेळणाऱ्यांनी स्वतःच जे साधन घडवलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं काम वाटतं. 'टोटल आरपी' नावाची एक जोडणी आहे; कंपनीची नव्हे, हौशी माणसांनी लिहिलेली. तुम्ही ती वापरत असाल तर तुमच्या पात्रावर माउस नेताच दुसऱ्याला त्याचं वर्णन दिसतं आणि तुम्ही सध्या पात्रात आहात की पात्राबाहेर, हेही दिसतं. त्याहून पुढे, तुमची खेळण्याची रीत सांगायला त्यात जागा आहे. माझ्या पात्राला इजा झालेली चालेल का? मरण आलेलं चालेल का? प्रेमप्रकरण चालेल का? लढाईचा निकाल खेळाच्या यंत्रणेने लावायचा की दोघांनी लिहून? उत्तरांमध्ये 'हो' आणि 'नाही' यांच्या जोडीला 'मला विचारून' असाही पर्याय आहे. या तिसऱ्या पर्यायाकडे मी तुमचं लक्ष वेधू इच्छितो. त्यात आवड कायमची गोठवलेली नाही. माझ्या नायकाचा हात तुटला तर चालेल की नाही, हे मला आज माहीत नाही. कोण तोडणार, कशासाठी आणि त्यातून पुढे काय निघणार यावर ते ठरेल. म्हणून त्या क्षणी मला विचारा, एवढंच त्यात म्हटलेलं आहे. बार्टलच्या चार जातींपेक्षा हा दोन शब्दांचा पर्याय माणसाच्या रुचीचं अधिक खरं चित्र देतो, असं माझं मत आहे.

जिथे माणसं फार आणि ओळख कमी, तिथे मात्र विचारण्याची जागा कायदा घेतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या रोलप्ले सर्व्हरवर एका शहरात एकाच वेळी शेकडो लोक असू शकतात, आणि मूळ खेळ तर गोळीबाराचा. म्हणून तिथे लेखी नियमावल्या आहेत, आणि त्या वाचनीय आहेत. कारणाशिवाय कोणाला मारायचं नाही. गाडीचं शस्त्र करायचं नाही. समोरच्याच्या थेट प्रक्षेपणावरून त्याचा ठावठिकाणा पाहून आपल्या पात्राला ते ठाऊक असल्यासारखं वागायचं नाही, याला तिथे मेटागेमिंग म्हणतात. सगळ्यांत विचार करायला लावणारा नियम जिवाच्या किमतीचा आहे: तुमच्यावर कोणी बंदूक रोखली तर तुमच्या पात्राने घाबरलं पाहिजे. एरवी पडद्यावरच्या मरणाला कोण भितो? पण मी घाबरलो नाही तर समोरच्याच्या दरोड्याला अर्थच उरत नाही. त्याच्या गोष्टीसाठी मी माझं शौर्य सोडायचं, आणि उद्या माझ्या गोष्टीसाठी त्याने. हा देवाणघेवाणीचा नियम आहे, आणि तो लिहून ठेवल्यामुळेच अनोळखी माणसं एकत्र खेळू शकतात. तरीही त्या शहरात एक विषमता आहे, जिच्यावर पुरेसा विचार झालेला दिसत नाही. एका खेळाडूमागे हजारो प्रेक्षक बसलेले असतात, दुसऱ्यामागे कोणीच नाही. पहिल्याला प्रसंग रंगायला हवा, तोही लवकर. दुसऱ्याला कदाचित आपलं गॅरेज शांतपणे चालवायचं असतं. गॅरेजवाला मग नकळत दुसऱ्याच्या कार्यक्रमातला फुकट नट होतो. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-कलाकारांचा खेळ लोकांनी पाहिला, तेव्हाही अपेक्षांचा असाच पेच उभा राहिला. तो कार्यक्रम पाहून आलेला नवखा खेळाडू आपल्या चार मित्रांच्या टेबलावर तशाच अभिनयाची वाट पाहू लागला.

इथपर्यंत मी जे बोललो ते रुचिभेदांबद्दल. सगळेच संघर्ष या सदरात घालता येत नाहीत, हे इथेच सांगायला हवं. 'लॅम्डामू' या शब्दांच्या जगात १९९३ साली एका खेळाडूने एका उपप्रोग्रामचा आधार घेऊन दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर, त्यांनी न लिहिलेल्या, हिंसक लैंगिक कृती सर्वांसमोर लिहून दाखवल्या. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्यावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. पात्रं काल्पनिक होती, पण ती लिहिणाऱ्यांना झालेला क्लेश काल्पनिक नव्हता. याला कोणी 'त्याची रुची वेगळी होती' असं म्हणू लागला तर ते मी मान्य करणार नाही. दुसऱ्याचं पात्र हे दुसऱ्याचं आहे, ही या खेळाची आवडनिवड नसून त्याचा पाया आहे. ती अट काढली की खेळ उरत नाही, जसं बुद्धिबळात समोरच्याची सोंगटी आपण हलवली तर बुद्धिबळ उरत नाही. रोलप्लेअर ज्याला गॉडमोडिंग म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राने काय केलं हे परस्पर लिहून टाकणं, ते याच रेषेपलीकडचं सौम्य रूप आहे. आता आपल्या वाटसरूकडे पुन्हा पाहा. 'आत जातो' या दोन शब्दांत पहारेकऱ्याने त्याला जाऊ दिलं, हे गृहीत आहे. म्हणजे वाटसरू लिहिणारीची चूक थोडक्यात लिहिण्याची नव्हतीच. झाली असलीच तर ती पहारेकऱ्याच्या वतीने ठरवून टाकण्याची. आणि तिला तसं करावं लागलं, कारण तीन परिच्छेदांत पहारेकऱ्याने तिच्यासाठी एकही प्रश्न ठेवला नव्हता. शब्दसंख्येवरून चाललेल्या भांडणाखाली बहुधा असं काहीतरी दडलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, आधी इतकं ठरवत बसलात तर उत्स्फूर्तता कुठे राहिली? प्रेम करायचं का, मरायचं का, सगळं आधीच विचारलं तर आश्चर्य संपलं. हा आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण आश्चर्य गेलं तर या छंदात राखण्यासारखं फारसं उरत नाही. पण उत्स्फूर्ततेचा आपल्या मातीतला पुरावा याच्या उलट आहे. सिंधुदुर्गातल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट रंगमंचावर उभा राहून बोलतो, समोरचा त्याच क्षणी उत्तर देतो, आणि पौराणिक राजांचे वाद तासन्‌तास रंगतात. हे शक्य होतं, कारण आख्यान कोणतं लावायचं ते ठरलेलं असतं, राक्षस कोण आणि राजा कोण हे ठरलेलं असतं, कोणी केव्हा हरायचं हेही दोघांना ठाऊक असतं. तमाशातल्या बतावणीतही सोंगाड्या हवं तिकडे भरकटतो, कारण त्याला परत आणणारा जोडीदार कुठे उभा आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. आधी ठरलेल्या गोष्टींनी तिथे आश्चर्य मारलं नाही. कुठे आश्चर्य करता येईल एवढं त्यांनी दाखवून दिलं. फरक इतकाच की, दशावतारी नटांना ही समज कंपनीत वर्षानुवर्षं राहून मिळते. अनोळखी रोलप्लेअरांकडे ती वर्षं नाहीत, म्हणून त्यांना ती बोलून मिळवावी लागते. टेबलावर खेळणाऱ्यांनी यासाठी खेळाआधीच्या एका बैठकीची प्रथा पाडली आहे, जिला ते 'सेशन झीरो' म्हणतात. कोणत्या गोष्टी मुळीच यायला नकोत आणि कोणत्या आल्या तरी पडद्याआड राहाव्यात, हे तिथे सांगितलं जातं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सगळंच रुचीचं म्हटलं तर दर्जा नावाची गोष्ट उरते की नाही? काही माणसं खरोखरच वाईट लिहितात, दुसऱ्याचं न वाचता उत्तर देतात. हे मान्य. दर्जा आहे, पण तो मोजण्याचं माप कोणतं हा प्रश्न आहे. छापील कथेचं माप इथे जसंच्या तसं लावलं की आपण फसतो. तीन परिच्छेदांचा पहारेकरी कथासंग्रहात शोभला असता. देवाणघेवाणीत तो अपुरा होता, कारण त्यात दुसऱ्याला हात घालायला जागा नव्हती. उलट एखादं ओबडधोबड, अशुद्ध वाक्य असं असतं की, त्याने समोरच्याला दहा वाटा उघडतात. रोलप्लेमधल्या वाक्याचा दर्जा त्याच्या पुढच्या वाक्यात कळतो, असं मी म्हणेन. नवख्या, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची व्याकरणावरून जी टिंगल या वर्तुळांत चालते, ती मला म्हणूनच फार खुपते. त्यातली अनेक मुलं आपल्या मातृभाषेत लिहीत नसतात. इंग्रजी शाळेत शिकलेलं, इंग्रजी पुस्तक घरात न पाहिलेलं मराठी मूल रात्री अकरा वाजता परक्या भाषेत एका परक्या माणसाबरोबर गोष्ट रचतं, यात केवढं धाडस आहे! त्याच्याकडून लांबी मागण्याआधी त्याने काय दिलं आहे ते पाहावं.

तिसरा आक्षेप नवा आहे, आणि तो शब्दांपेक्षा कृतीतून येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये 'कॅरेक्टर एआय' सर्वांसाठी खुलं झालं, आणि त्यासारख्या सेवांकडे कितीतरी रोलप्लेअर वळले. तिथला जोडीदार थकत नाही, रात्री तीनला उत्तर देतो, तुम्ही लिहाल तेवढं वाचतो, स्वतःची आवड पुढे करत नाही. मग ही वाटाघाट हवीच कशाला? ज्याला कोणी वाईट वागवलं आहे, ज्याला लिहिण्याचा सराव करायचा आहे, त्याच्यासाठी या सोयीचं मोल मी कमी लेखत नाही. पण युक्तिवाद म्हणून ती अपुरी आहे. पलीकडे स्वतःचं काही हवं असणारं कोणी नसलं की माझी रुची मागणी राहत नाही, हे खरं; त्याचबरोबर ती कोणी स्वीकारली, हा अनुभवही राहत नाही. रखवालदार दरोडेखोराशिवाय बेकार झाले, तसंच काहीसं इथे घडतं. वाटसरू मला ज्या वाटेने नेईल ती वाट मी निवडलेली नसते, हे ज्यांना हवं आहे त्यांना नाही म्हणू शकणारा जोडीदारच लागतो, आणि नाही म्हणू शकणाऱ्याला आधी विचारावं लागतं.

विचारण्याची सोय या छंदात पहिल्यापासून आहे आणि ती फार साधी आहे. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात लिहायचं, असा जुना रिवाज आहे. कंस उघडला की पहारेकरी बाजूला होतो आणि खेळाडू खेळाडूशी बोलतो. आपल्या किल्ल्यावर पाऊस अजून पडतो आहे, मशाल विझलेली नाही. वाटसरूच्या सहा शब्दांखाली पहिला दोन कंस उघडतो आणि लिहितो: दार उघडं ठेवू की अडवू? पलीकडून तसेच कंस येतात: अडवा ना, पण मारू नका, मला अजून तुमच्या गुडघ्याबद्दल विचारायचंय.